नोटिशीच्या पगारावर कर कशासाठी?

दिघीचे नाव अलीकडे वर्तमानपत्रांत वारंवार येते. राजपुरी खाडीच्या तोंडाशी, श्रीवर्धन तालुक्यात वसलेले हे गाव. पलीकडच्या तीरावर आगरदांडा, जवळच समुद्रात जंजिऱ्याचा किल्ला. येथील बंदर चालविणारी कंपनी कर्जात बुडाली, २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अदानी समूहाच्या बंदर कंपनीने ती ७०५ कोटी रुपयांना घेतली. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात बारा औद्योगिक शहरे मंजूर केली, त्यात दिघीचा समावेश झाला. सहा हजार एकरांहून अधिक जमीन आणि साडेपाच हजार कोटींच्या आसपास खर्च, असे आकडे जाहीर झाले. तेव्हापासून बोर्ली पंचतनपासून म्हसळा-माणगावपर्यंत पोरांना नोकऱ्या लागणार, याच गोष्टी चालू आहेत.

लागोत. आम्हाला आनंदच आहे. परंतु नोकरी लागेल कशी हे सांगणारे पुष्कळ आहेत. नोकरी सुटेल तेव्हा हातात काय पडेल आणि त्यातले सरकार किती काढून घेईल, हे सांगायला कोणी पुढे येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चारही श्रमसंहिता लागू केल्या. त्यावर मोर्चे निघाले, लेख आले. पण कामगाराला काढताना जो 'नोटिशीचा पगार' दिला जातो, त्यावर आयकर कसा लागतो, हा बारीक प्रश्न सगळ्यांच्या नजरेतून सुटला. बारीक आहे म्हणूनच तो आम्ही आज घेतो. कष्टकऱ्याची लूट बहुतेक वेळा अशा बारीक रकान्यांतूनच होते.

आधी हा नोटिशीचा पगार म्हणजे काय ते पाहू. १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात कलम २५-एफ घालण्यात आले. एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करायची असेल, तर मालकाने दोन गोष्टी केल्या पाहिजेत. पहिली, पोटकलम (अ) प्रमाणे कारणे देऊन एक महिन्याची लेखी नोटीस, किंवा नोटीस न देता त्या महिन्याचा पगार. दुसरी, पोटकलम (ब) प्रमाणे सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई. शिवाय सरकारला कळवायचे. औद्योगिक संबंध संहिता, २०२० च्या कलम ७० मध्ये हीच रचना आली आहे. मोठ्या कारखान्यांसाठी, म्हणजे तीनशे किंवा अधिक कामगार असतील तेथे, नोटीस तीन महिन्यांची आणि सरकारची पूर्वपरवानगी. जुन्या कायद्यात हा आकडा शंभर होता. तो तीनशेवर नेऊन किती कारखाने परवानगीतून मोकळे केले, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

या दोन अटी शोभेच्या नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्याच एका प्रकरणात ठरवून दिले. जे. जे. रुग्णालय समूहातील दोन वॉर्ड सेविकांना काढण्यात आले होते. त्यांच्या बाजूने हॉस्पिटल मजदूर सभा लढली. रुग्णालय हा उद्योगच नाही, असे तत्कालीन मुंबई सरकारचे म्हणणे होते. १९६० साली न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी लिहिलेल्या निकालाने ते फेटाळले आणि सांगितले की कलम २५-एफ मधील अटी आधी पाळल्या पाहिजेत. भरपाई न देता केलेली कपात बेकायदेशीर आहे. वॉर्डात लादी पुसणाऱ्या, रुग्णांची घाण काढणाऱ्या बायकांनी सरकारला सर्वोच्च न्यायालयात हरवले! पुढे १९६७ च्या नॅशनल आयर्न अँड स्टील प्रकरणात न्यायालय आणखी स्पष्ट बोलले. आज काढतो, पैसे चार दिवसांनी येऊन घेऊन जा, हे चालणार नाही. काढायचे असेल तर त्याच वेळी हातात पैसे द्या.

न्यायालयाने एवढा आग्रह का धरला? कारण हे पैसे केलेल्या कामाचे नसतात. ते पुढचे काम शोधेपर्यंत घरची चूल पेटती ठेवण्यासाठी असतात. नोटीस मिळाली असती तर कामगाराने महिनाभर पगार घेत दुसरीकडे चौकशी केली असती. ती संधी मालकाने काढून घेतली, त्याची ही किंमत आहे. कामगार कायद्याची दृष्टी अशी. आयकर कायद्याची दृष्टी वेगळी आहे, आणि आमची तक्रार तेथेच आहे.

आयकर कायदा, १९६१ च्या कलम १७ मध्ये पगाराची व्याख्या आहे. त्यात 'पगाराऐवजी मिळालेला लाभ' असा एक भाग असून, नोकरी संपताना किंवा संपण्याच्या संबंधात मालकाकडून मिळालेली कोणतीही भरपाई त्यात धरली जाते. म्हणजे नोटिशीचा पगार मुळात पगार म्हणून धरा किंवा भरपाई म्हणून धरा, दोन्हीकडून तो 'पगार' याच सदरात येऊन पडतो. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला आयकर अधिनियम, २०२५ लागू आहे. त्यात कलमांचे आकडे बदलले, रचना बदलली नाही. आम्ही येथे जुने आकडे देतो, कारण कामगारांच्या हातातले कागद आणि न्यायालयांचे निकाल त्याच आकड्यांचे आहेत.

मग कपात झालेल्या कामगाराला सूट नाही काय? आहे. कलम १०(१०-बी) मध्ये आहे. कपातीच्या वेळी कामगाराला मिळालेली भरपाई करमुक्त आहे, पण किती? औद्योगिक विवाद कायद्याच्या २५-एफ च्या पोटकलम (ब) प्रमाणे जेवढी रक्कम निघते तेवढी, किंवा सरकारने अधिसूचित केलेली मर्यादा, यांपैकी जी कमी असेल ती. वाचकांनी येथे थांबून त्या कंसातल्या अक्षराकडे पाहावे. सूट मोजायची ती (ब) वर. नोटिशीचा पगार आहे (अ) मध्ये! तो सूट मोजण्याच्या हिशेबातच धरलेला नाही. बारा वर्षे सेवा आणि महिना तीस हजार पगार असेल, तर ढोबळमानाने वर्षाला पंधरा हजार धरून एक लाख ऐंशी हजार करमुक्त. त्यावर दिलेले नोटिशीचे तीस हजार मात्र करपात्र. त्याच कायद्याने, त्याच दिवशी, त्याच कारणासाठी दिलेल्या दोन रकमा. एक आत, दुसरी बाहेर. असे का, याचे कारण आम्हाला कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात सापडलेले नाही.

आणि ती अधिसूचित मर्यादा? पाच लाख रुपये. १ जानेवारी १९९७ पासून झालेल्या कपातींसाठी ठरलेली. तेव्हापासून ती पाच लाखांवरच उभी आहे. या काळात ग्रॅच्युइटीची मर्यादा २०१८ साली वीस लाखांवर गेली. खासगी नोकरदाराला निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या शिल्लक रजेच्या पैशाची करमुक्त मर्यादा २०२३ साली तीन लाखांवरून थेट पंचवीस लाखांवर नेली. सरकारी अधिकाऱ्याच्या निवृत्तीच्या वेळच्या रजेच्या पैशाला तर मर्यादाच नाही. रजा वापरली नाही म्हणून मिळालेल्या पैशाला पंचवीस लाखांची सूट, आणि भाकरी गेली म्हणून मिळालेल्या पैशाला पाच लाखांची. निवृत्तांना मिळाले त्याचे आम्हाला दुःख नाही. परंतु ज्यांच्यासाठी मर्यादा वाढल्या ते कोण आणि ज्यांच्यासाठी वाढली नाही ते कोण, हे समाजबांधवांनी ओळखावे.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर आमच्यावर आरडाओरडीचा आरोप होईल. महिना पंचवीस-तीस हजार मिळविणाऱ्या कामगाराला नोटिशीचा पगार करपात्र ठरला तरी प्रत्यक्षात कर बसत नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या करप्रणालीखाली बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, आणि पगारदाराला पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट वेगळी. मग फटका कोणाला बसतो? आमच्या वस्तीतून आयटीआय करून, डिप्लोमा करून, पहिल्यांदाच बऱ्या पगारापर्यंत पोहोचलेल्या कामगाराला.

हिशेब करून पाहू. दिघीच्या औद्योगिक क्षेत्रात उद्या तीनशेहून अधिक कामगारांचा एखादा कारखाना उभा राहिला आणि त्यात महिना एक लाख रुपये घेणारा अनुभवी तंत्रज्ञ आहे असे समजा. वर्षाचे बारा लाख, त्यातून पंचाहत्तर हजारांची वजावट, उरले सव्वाअकरा लाख. कर शून्य. आता ३१ मार्च २०२६ रोजी कारखान्याने त्याला कमी केले आणि तीन महिन्यांच्या नोटिशीऐवजी तीन लाख रुपये दिले असे धरू. त्या वर्षाचे उत्पन्न झाले पंधरा लाख, वजावटीनंतर सव्वाचौदा लाख. बारा लाखांची सवलत गेली. कर ९३,७५० आणि त्यावर चार टक्के उपकर ३,७५०, मिळून ९७,५०० रुपये. नोटिशीच्या तीन लाखांतून जवळजवळ एक तृतीयांश सरकारजमा! वर्षभर कमावलेल्या बारा लाखांवर ज्याला एक पैसाही कर नव्हता, त्याला काढल्याबद्दल मिळालेल्या तीन लाखांवर साडेसत्त्याण्णव हजार.

हेच काढणे एक दिवस उशिरा, १ एप्रिलला झाले असते तर? तीन लाख पुढच्या आर्थिक वर्षात गेले असते, आणि त्या वर्षात मोठा पगार मिळाला नसता तर कर शून्य. किंवा त्याला खरोखर नोटीस देऊन जूनअखेरपर्यंत कामावर ठेवले असते, तरीही तेच तीन लाख पुढच्या वर्षाचे ठरले असते. पगार देय झाला किंवा दिला, यांपैकी जे आधी घडले त्या वर्षात तो करपात्र होतो, असे कलम १५ सांगते. म्हणून ३१ मार्चचा आदेश आणि एप्रिलमधला धनादेश, अशी चलाखीही कामगाराला वाचवीत नाही. मालक मात्र वर्ष संपताना हिशेबाची वही बंद करायला मोकळा. तारीख तो निवडतो, कर कामगार भरतो.

बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना शेतसाऱ्याच्या अन्यायावर बोट ठेवले होते. शेतकऱ्याला पीक येवो न येवो, उत्पन्न कितीही कमी असो, सारा द्यावाच लागतो. उलट आयकर भरणाऱ्याला त्या वर्षी उत्पन्न झाले नाही तर कोणी कर मागत नाही, हा भेद त्यांनी दाखविला. कर देण्याची ऐपत पाहून कर घ्या, हा त्यांचा मुद्दा. नोटिशीच्या पगाराचे नेमके काय होते? पैसा आहे पुढच्या तीन बेकार महिन्यांसाठी, आणि त्याची ऐपत मोजली जाते मागच्या बारा कमावत्या महिन्यांवर. नव्वद-शंभर वर्षांपूर्वी शेतसाऱ्याबद्दल उचललेला प्रश्न आज आयकराच्याच अंगणात येऊन उभा आहे.

कोणी म्हणेल, जगभर असेच आहे. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०१८ पासून नोटिशीऐवजी दिलेला पैसा सरळ पगार धरून करपात्र केला; नोकरी संपतानाच्या इतर भरपाईला मात्र तीस हजार पौंडांपर्यंत सूट ठेवली. खरे आहे. पण तेथे नोकरी गेलेल्या माणसाला बेकारी भत्ता मिळतो, दवाखाना सरकारी आहे. आपल्याकडे राज्य विमा योजनेच्या कक्षेतील कामगारांसाठी २०१८ मध्ये 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' आली, ती आयुष्यात जास्तीत जास्त नव्वद दिवसांची आणि २०२० पासून सरासरी कमाईच्या निम्म्या रकमेची. महिना एकवीस हजारांच्या वर पगार असलेला कामगार राज्य विमा योजनेच्या कक्षेतच येत नाही. ज्या राज्य विमा कायद्याचा पाया बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना अडारकर अहवालाने घातला गेला, त्याची ही अवस्था. तेथला कर आणायचा आणि तेथला भत्ता आणायचा नाही, ही कोणती आधुनिकता?

आहे त्या कायद्यात थोडा दिलासा कलम ८९ मधून मिळू शकतो. सेवा तीन वर्षांहून कमी नसेल आणि निवृत्तीपर्यंतची उरलेली सेवाही तीन वर्षांहून कमी नसेल, तर नोकरी संपताना मिळालेल्या भरपाईचा बोजा मागील तीन वर्षांत विभागून मोजता येतो, असे आयकर नियम २१-ए सांगतो. त्यासाठी विवरणपत्रापूर्वी फॉर्म १०-ई भरावा लागतो. नोटिशीचा पगार या कलमातील 'भरपाई' आहे, असा दावा आम्ही करतो आणि इतरांनीही करावा. आयकर अधिकारी वाद घालेल, घालू द्या. कामगार कायद्याने नोटिशीचा पगार आणि भरपाई एकाच कलमात ठेवली आहे, हे उत्तर आपल्या बाजूने आहे.

याहून मोठी फसगत एका सहीने होते. कपातीऐवजी कामगाराकडून राजीनामा लिहून घेतात. "साहेब चांगले आहेत, दोन पगार जास्त देतो म्हणाले" असे सांगत पोरे सही करून येतात. राजीनामा झाला की कपात उरली नाही. कपात नाही तर १०(१०-बी) ची सूट नाही, आणि जे मिळाले ते सगळे पगाराच्या सदरात. वर कलम २५-एफ चा भंग झाला म्हणून दाद मागण्याचा मार्गही बंद. दोन पगारांच्या बदल्यात कामगाराने केवढे दिले, हे त्याला पुढच्या जुलैमध्ये विवरणपत्र भरताना कळते.

कंत्राटदाराकडच्या कामगारांची कथा आणखी निराळी. बंदर असो वा कारखाना, हजेरीवर राबणाऱ्या पोराच्या खात्यात पैसे येतात ते अनेकदा 'व्यावसायिक फी' म्हणून, कलम १९४-जे खाली दहा टक्के कापून. कामगार म्हणून पीएफ भरायला नको, नोटीस द्यायला नको, हा त्यातला हेतू. महिना पंचवीस हजार घेणाऱ्याचे वर्षाला तीस हजार कापले जातात, म्हणजे महिन्याच्या पगाराहून जास्त! कर शून्य असताना हे पैसे सरकारकडे पडून राहतात, कारण विवरणपत्र भरून परतावा मागायचा असतो हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आमची विनंती आहे की प्रत्येक विहाराने वर्षातून एक रविवार यासाठी द्यावा. पॅन घेऊन पोरांना बोलवावे, फॉर्म २६-एएस काढून दाखवावा. बुद्धवंदनेनंतर तासाभराचे काम आहे. शिवाय तो कागद दुहेरी उपयोगाचा. 'फी' कोणाकडून, किती महिने, सलग आली, हे त्यात छापलेले असते, आणि सलग सेवेचा वाद कामगार न्यायालयात गेला की मालकाच्याच भरण्यातून निघालेला पुरावा म्हणून तो उभा राहतो.

उलट बाजूही पाहू. कामगाराने स्वतः नोटीस न देता नोकरी सोडली तर कंपनी त्याच्या शेवटच्या हिशेबातून नोटिशीचा पगार कापते. पगार दाखवला पन्नास हजार, कापले पन्नास हजार, हातात शून्य. पण टीडीएसच्या प्रमाणपत्रात उत्पन्न पन्नास हजार. न मिळालेल्या पैशावर कर! अहमदाबादच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने २०१७ साली नंदिन्हो रिबेलो प्रकरणात करदात्याच्या बाजूने निकाल देऊन, प्रत्यक्ष मिळालेल्या पगारावरच कर असे धरले. तरी पगारातून ही वजावट देण्याची स्पष्ट तरतूद नाही म्हणून ज्याला त्याला भांडावे लागते. कंपन्यांचा प्रश्न मात्र झटकन सुटला. कापलेल्या नोटिशीच्या पैशावर कंपनीला जीएसटी लागतो काय, असा वाद होता. ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने केंद्रीय मंडळाने सांगून टाकले, लागत नाही. एका परिपत्रकाचे काम होते. कामगारासाठी तेवढी शाई खर्च होत नाही.

आणि नव्या संहितेने तर पुढची सोय करून ठेवली आहे. मुदतबंद नोकरीची मुदत संपून कामगार घरी गेला तर ती कपात नव्हे, असे व्याख्येतच लिहिले आहे. म्हणजे नोटीस नाही, नोटिशीचा पगार नाही, पंधरा दिवसांची भरपाई नाही. मुदतबंद कामगाराला वर्षभरात ग्रॅच्युइटी, ही त्यातली जमेची बाजू आम्ही नाकारीत नाही. परंतु दिघीत उद्या ज्या नोकऱ्या येतील त्यांतल्या किती कायम आणि किती अकरा महिन्यांच्या, हे नेमणूकपत्र हातात पडण्यापूर्वी विचारलेच पाहिजे.

मागण्या दोनच आणि साध्या आहेत. १०(१०-बी) च्या जागी आलेल्या नव्या तरतुदीत सूट मोजताना कायदेशीर नोटिशीचा पगारही धरावा. आणि पाच लाखांची मर्यादा निदान ग्रॅच्युइटीइतकी, वीस लाखांवर न्यावी. पहिलीसाठी संसदेत एका ओळीची दुरुस्ती लागेल. दुसरीसाठी तेही नको, अर्थ मंत्रालयाची अधिसूचना पुरते. कामगार संघटनांनी अर्थसंकल्पापूर्वीच्या निवेदनांत हे दोन मुद्दे घालावेत. संविधानाच्या कलम २६५ प्रमाणे कायद्याच्या अधिकाराशिवाय कर घेता येत नाही. तेव्हा कायदा बदलल्याशिवाय हा कर जाणारही नाही.

तोवर ज्याच्यावर ही वेळ येईल त्याने शेवटच्या हिशेबाच्या कागदावर एकरकमी आकड्यापुढे सही करू नये. केलेल्या दिवसांचा पगार, नोटिशीचा पगार, वर्षांची भरपाई, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत लिहून मागावी. काढल्याचा आदेश लेखी घ्यावा, त्यावर 'कपात' हा शब्द आणि तारीख आहे की नाही ते पाहावे. मालक देत नसेल तर स्पीड पोस्टाने पत्र पाठवून मागावे आणि पोस्टाची पावती त्याच कागदाला टाचून ठेवावी.